चहा नको, लग्न!

त्या दुपारी पावसाने गाठलं नसतं, तर ते दोघं जपानमधल्या काकेगावा गावातल्या त्या चहाच्या दुकानात शिरलेच नसते. अजूनही पाऊस लागला की मिझुहोला ते आठवतं... भिजलेले पांढरे शर्ट, गळ्यात टाय, छातीवर नावाची काळी पाटी. घरोघरी धर्म सांगत सायकलवर हिंडणारी ही अमेरिकन पोरं गावाला ठाऊक होती. त्यांना पाहून दार हळूच कसं लावून घ्यायचं, तेही ठाऊक होतं.

पण आपल्या दुकानात आलेल्याला चहा न देणं म्हणजे मिझुहोच्या बाबांच्या लेखी घराण्याची लाज! मिझुहोने हिरवागार चहा पुढे केला. यांच्या धर्मात चहा चालत नाही, हे तिला काय माहीत? उंच मुलगा, पाटीवर सोरेन्सन, कानापर्यंत लाल झाला. जपानीत 'नको' म्हणायला 'केक्को देस' म्हणायचं असतं. हा वाकून, अगदी मनापासून म्हणाला,

"केक्कोन देस!"

म्हणजे – लग्न!

पानं भाजता भाजता बाबा म्हणाले, "अहो पाहुणे, आधी चहा तरी घ्या. लग्नाचं सावकाश बघू!"

जोडीदाराने कानात चूक सांगितली, तेव्हा बिचाऱ्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

दोन दिवसांनी तो माफी मागायला आला. जोडीदार होताच, एकट्याने कुठे जायचं नाही, मुलींच्या नादी लागायचं नाही, असा त्यांचा नियम.

"यात चहाचं पान नाही," मिझुहोने गार पेला ठेवला. "नुसते भाजलेले जव. आता नको म्हणाल तर बघा!"

त्याने एका दमात पेला रिकामा केला. मग काय, फेरी संपली की सायकली तिथेच थांबू लागल्या.

"आज किती दारं उघडली?"

"एक. आजीबाई होत्या. त्यांना वाटलं, गॅसवाला आलाय."

"मग?"

"मग... गॅस तपासून दिला."

"आणि लग्न? जमलं का कुठे?"

"मिझुहोसान, किती छळाल!"

हिवाळ्यापर्यंत त्याची जपानी इतकी सफाईदार झाली की बाबाही वाखाणू लागले. मिझुहोला मात्र चुटपुट लागली. चुकायचा तेव्हा किती आपला वाटायचा! आता त्याची धर्मप्रचाराची मुदत संपत आली होती, आणि तो मनातलं चकार शब्दानेही बोलत नव्हता. बोलणार तरी कसा? नियम मोडणारा असता, तर ती त्याच्यात इतकी गुंतलीच नसती.

शेवटच्या दिवशी तो निरोप घ्यायला आला. सोबत नवा जोडीदार, टोंगा बेटावरचा धिप्पाड फिफिता. मिझुहोने मुद्दाम खरा चहा आणला, वाफाळता. एकदा... एकदाच चूक ना रे, ती मनात म्हणाली.

त्याने पेल्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"केक्कोन देस."

"अरे, केक्को!" फिफिता कुजबुजला. "तूच तर शिकवलंस मला!"

"माझं चुकलेलं नाही," सोरेन्सन म्हणाला.

फिफिताचा आ वासलेलाच राहिला. मिझुहोचे डोळे भरून आले. वर पाहायचीही तिला चोरी झाली. भट्टीपाशी बाबांचा हात थांबला.

"आधी घरी जा, आईला भेट. ती पाटी उतरव," ते म्हणाले. "मग ये. सावकाश बघू, म्हटलं होतं ना?"

उन्हाळ्यात तो आला. पाटी नाही, टाय नाही, जोडीदारही नाही. दारातच उभा राहिला.

"चहा घेणार?" मिझुहोने कसंबसं विचारलं.

"केक्को देस," तो हसला. "दुसरा शब्द मी दोनदा बोललोय. आता तुमची पाळी."

आणि जन्मापासून हीच भाषा बोलणारी मिझुहो त्या एका शब्दावर अडखळली.

"के... केक्को..."

"काय? नको?"

"थांबा हो जरा!" ती रडत, हसत ओरडली. "म्हणतेय ना!"