गटातली रिकामी जागा

तळघरातला फळा कुणीतरी ओल्या फडक्याने लख्ख पुसला होता, आणि मेलेला माणूस फळा कधीच पुसत नसे.

"पाय घसरला म्हणतात," त्याची बायको जिन्याकडे न बघता म्हणाली. "आता शोधही जाणार. कचेरी म्हणते, हे कुणालाही सहज सुचेल; तसं असलं, तर पेटंट मिळत नाही ना?"

ताईने मान हलवली. खाजगी तपासाच्या धंद्यात पडण्याआधी तिने पेटंट कचेरीतच केस पांढरे केले होते. धाकट्या भावाच्या डोक्यात मात्र काही शिरेना, तेव्हा बाईंनी त्याला समजावलं. हजारो कुलपांना एकच गुप्त किल्ली बिनतारी पोचवायची. एक कुलूप चोरीला गेलं, की चोराला पत्ता न लागता बाकीच्यांची बदलायची. नवऱ्याने कुलपांचे गट पाडले आणि प्रत्येक गटात बदली कुलपासाठी एक जागा मुद्दाम रिकामी सोडली. अर्ज कचेरीत मोहोरबंद होता. त्याखेरीज ती आकृती होती फक्त या फळ्यावर.

संशय दोघांवर होता. एक भांडखोर भागीदार, दुसरे कुलपांच्या साऱ्या धंद्याला शिकवणारे मास्तर, आता मोठ्या स्पर्धक कंपनीचे सल्लागार. महिनाभरात त्याला भेटलोच नाही, असं दोघंही सांगत होते.

ताईने दोघांना तळघरातच वेगवेगळं बसवून कुलपांचं तेच कोडं घातलं. बाहेरच्या जाणकाराने अर्ज न बघता ते सोडवलं तर पेटंट बुडेल, हेही सांगून टाकलं. भावाला वाटलं, ताईने आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला.

भागीदाराला घाम फुटला. त्याने गट पाडले, पण गच्च भरलेले. "अपघाताच्या आदल्याच दिवशी मास्तर वर्गात बजावत होते, रिकामी जागा म्हणजे चोराला उघडं दार."

मास्तरांनी हसत गट काढले, प्रत्येकात एक रिकामं वर्तुळ. "यात कसला शोध? शेंबडं पोरही सांगेल."

भावाने चमकून ताईकडे बघितलं.

"तुम्ही जन्मभर उलटं शिकवलंत," ताई सावकाश म्हणाली. "सारा धंदा जे करू नका म्हणतो, ते सहज सुचलं असं कायदा मानत नाही. म्हणजे शोध पक्का. आणि तुम्हालाही ते सुचलं नाही, मास्तर. तुम्ही ते या फळ्यावर वाचलंत, मग त्याला ढकललंत आणि फळा पुसलात. पेटंट बुडवायच्या हावेपायी आज तेच काढून दाखवलंत."

मास्तर दाराकडे वळले. दारात पोलीस उभेच होते.

"मग शोध त्याचाच?" बाईंनी विचारलं.

"त्याचाच. साक्षीदार हे स्वतः."

तेव्हा कुठे बाईंनी जिन्याकडे बघितलं, आणि त्यांना रडू कोसळलं.