पटावरची विसावी

बदलीवर आलेल्या बाईला वर्ग कसा छळतो, हे ज्यानं भोगलंय त्यालाच ठाऊक. वर्षा भोयेला मात्र करवंदमाळच्या पोरांनी छळलंच नाही, आणि खरं सांगू, तिथंच तिला शंका यायला हवी होती.

मोखाड्याहून निम्मा रस्ता जीपनं, पुढं पाऊण तास चढण. तिथल्या मीनाबाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, म्हणून सप्टेंबरचे शेवटचे पंधरा दिवस ही. एक खोली, चार इयत्ता, एकोणीस पोरं. त्या दिवसांत माळावर धुकं इतकं दाट उतरायचं की भर दुपारी खिडकीतून आत यायचं आणि फळ्यापाशी रेंगाळत राहायचं. ओल्या लाकडांचा धूर, शिजत्या खिचडीचा वास, पोरांचे संथ लयीतले पाढे. उभ्या उभ्या डोळा लागावा असं सगळं.

चार इयत्ता एका खोलीत सांभाळायच्या तर जोड्या लावाव्या लागतात. मोठ्यानं लहानाला वाचून दाखवायचं, म्हणजे दोघंही गुंततात. पहिल्या दिवशी तिनं जोड्या लावायला सांगितल्या. एकोणिसातलं एक पोर उरणार, त्याला आपल्याजवळ घेऊ, असा तिचा हिशेब. पण कुणी उरलंच नाही.

"चंदना, तू एकटीच ना गं?"

"एकटी कुठं, बाई? माझी जोडी हाय ना."

शेवटच्या रांगेत, पांढुरक्या उजेडात, एका पाटीवर दोन डोकी वाकली होती. वर्षानं हजेरी घेतली. "हजर, बाई" एकोणीसच वेळा आलं. असेल, मोजताना चुकलं असेल, म्हणून तिनं सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी ती जोडी बुध्याची होती, तिसऱ्या दिवशी रुपीची. त्या जोडीदारणीचा रंग उडालेला फ्रॉक, तेल न लागलेले केस. चेहरा कधी दिसला नाही. जवळ जावं तर नेमकं कुणीतरी वही घेऊन आडवं यायचं. आणि नवल असं, की तिला भीतीही वाटेना. स्वप्नात अनोळखी माणूस आपलंच वाटतं ना, तसं काहीसं.

खिचडी फागीआजी करायची. तीही ताटं वीस मांडायची.

"आजी, एक जास्त झालं."

"ऱ्हाऊ दे, बाई," फागी मान वर न करता म्हणाली. "आमची रीतच हाय ती."

ते ताट दारापाशी असायचं, आणि घासायला जायच्या वेळी लख्ख असायचं. कुत्रं चाटत असेल, असं वर्षानं ठरवून टाकलं. माणूस असंच ठरवतो हो, दुसरं काय करणार?

तीस सप्टेंबर आला. त्या दिवशीच्या पटावर शाळेचं भवितव्य ठरणार होतं. वीसच्या खाली पट म्हणजे शाळा बंद, पोरं ओढ्यापलीकडच्या शाळेत. पावसाळ्यात तो ओढा मोठ्या माणसालाही पाय टेकू देत नाही. लहानपणी अशाच एका ओढ्यापायी वर्षाचं एक वर्ष बुडालं होतं. ऑगस्टपर्यंत इथला पट वीस होता, पण रूपेश नावाचा पोरगा जव्हारच्या आश्रमशाळेत गेला आणि एक आकडा कमी पडला. आदल्या रात्री तिच्या डोळ्याला डोळा नव्हता. रुपी, बुध्या, नितीन... ही चिल्लीपिल्ली उद्या गुरं वळायला लागणार, आणि ते आपल्या पंधरा दिवसांत!

पट तपासायला शिक्षणखात्याचे साहेब अकरा वाजता भिजून आले. दारातच उभं राहून त्यांनी बोटानं डोकी मोजली.

"वीस आहेत की! मग पटावर एकोणीस कसे?"

वर्षानं मागं वळून पाहिलं नाही.

"एक... एक नाव दाखल करायचं राहिलंय, साहेब."

"अहो मग करा ना! आजचीच तारीख आहे. आणि बाळ, तुझं नाव काय?"

छपरावरून थेंब पडत राहिले.

"धाकली," वर्षाच्याच तोंडून निघालं. कुठून आलं ते तिलाही कळलं नाही.

तिनं लिहिलं. विसावी, धाकली. पुढच्या रकान्यात पालकाचं नाव हवं होतं. साहेब घड्याळ बघत होते, धुकं वाढण्याआधी त्यांना घाट उतरायचा होता. तिनं तिथं स्वतःचं नाव घातलं. तात्पुरतं, उद्या बघू. साहेबांनी सही ठोकली आणि निघाले. शाळा वाचली! पोरांनी टाळ्या पिटल्या, आणि वर्षाला आनंदानं रडूच फुटलं.

दुपारी फागीनं ताटं मांडली. वर्षानं मोजली. एकोणीस.

"आजी, विसावं?"

"पोरांनी सांगलं मला." फागी पायरीवर बसली. "नाव घेतलंत तिचं?"

"शाळा वाचवायला घेतलं, आजी."

"आणि मायबापाच्या जागी?"

"माझंच... तात्पुरतं हो."

फागी चुलीकडे वळली. "तीस वर्सांमागं भुकेचं साल आलं, त्यातली पोर ती. आईबाप आधी गेले. मग ही दारोदार बसायची. कुणी घरात घेतली नाय, बाई. मीबी नाय घेतली. माझीच दोन उपाशी होती." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मेल्यावर ताट ठेवाया लागलो. पण नाव कुणी घेत नाय तिचं. जो नाव घेईल त्याच्या घरी ती जाईल, म्हणून."

"मग आज ताट का नाही मांडलं?"

"आता कशाला? ती आता तुमची."

पाच वाजता पोरं जोडीजोडीनं धुक्यात उतरली. शेवटी चंदना गेली, एकटीच. वर्षानं कुलूप लावलं आणि चढण उतरू लागली. मागं पाहायचं नाही, एवढंच तिनं मनाशी धरलं होतं. पावलांचा आवाज नव्हता. फक्त मोखाड्यापर्यंत जीपमध्ये तिच्या डाव्या बाजूला ओल्या गवताचा वास येत राहिला, आणि जीपमध्ये दाटी असूनही तिथं कुणी बसलं नाही.

खोलीवर आली तेव्हा वीज गेलेली. तिनं मेणबत्ती लावली, भात टाकला, खाली बसली. आणि पाहते तर समोर दोन ताटं. कधी मांडली? तिलाच आठवेना.

खोलीत ओल्या गवताचा वास होता. भीती तर वाटत होतीच, पण त्या भीतीत आणखीही काहीतरी होतं, तिला रडवणारं. तीस वर्षं दारापाशी बसलेली पोर... काय करावं सुचेना, तेव्हा तिनं पंधरा दिवस रोज सकाळी जे केलं तेच केलं. हलक्या आवाजात नाव पुकारलं.

"धाकली...?"

मेणबत्तीची ज्योत वाकली आणि सरळ झाली.

"हजर, आई."

वर्षानं पातेलं पुढं ओढलं. भात एकटीपुरताच शिजवला होता. तिनं तो सगळा दुसऱ्या ताटात वाढला, आणि घास चावल्याचा बारीक आवाज ऐकत बसली.

थोड्या वेळानं ताट तिच्याकडे सरकलं. रिकामं. आणखी हवं होतं.