शीर गेली कुठे?

सकाळी माझ्या कोपराच्या खोबणीत (हात दुमडतो तिथे, आतल्या बाजूला) एक निळी शीर चांगली ठळक दिसत होती. मंजिरीआत्या सुई घेऊन समोर बसली आणि शीर गायब. आता शिरेला काय पाय फुटतात?

मी शर्वाणी. आम्ही चंद्रावरच्या वस्तीत राहतो. मला सणकून ताप होता आणि अंगावर लाल ठिपके उठले होते. डॉक्टर नेमके चंद्राच्या पलीकडच्या बाजूला. पडद्यावरून त्यांनी बजावलं, की रोग दोनपैकी एक आहे, आणि चुकीचं औषध दिलं तर जिवावर बेतेल. कोणता रोग, ते रक्तच सांगणार. रक्त काढायचं काम एरवी ठकूबाईचं, म्हणजे आमच्या दवाखान्यातल्या यंत्रमानवाचं. पण तिचा सुईचा हात दुरुस्तीसाठी उघडून ठेवलेला. उरली आत्या. ती रक्त काढायला शिकत होती, पण आजवर फक्त रबरी हातावर. मी तर हात पाठीमागेच लपवला.

आत्याने हात धुतले, हातमोजे घातले आणि मला पूर्ण नाव विचारलं. मी चिडलेच. बारशाला माझ्या कानात कुर्र करून नाव ठेवणारी हीच, आणि आता विचारतेय नाव काय. पण ठकूबाई म्हणाली, की सख्खी भाची असली तरी नाव पेशंटच्याच तोंडून ऐकायचं, नाहीतर एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर जातं. सांगितलं मग, वडिलांच्या नावासकट.

तिने दंडाला पट्टा बांधला. त्याने परत जाणारं रक्त अडतं आणि शीर फुगते. माझी फुगली नाही. मग हात खाली सोडायला सांगितला, तरी नाही. पृथ्वीवर लोंबत्या हातात रक्त खाली ओढलं जातं. चंद्रावर ती ओढ सहावा हिस्साच. तिथे शिकलेली युक्ती इथे लंगडी पडली.

आत्याची बोटं चाचपत राहिली. एकदम तिचा चेहरा उजळला. सापडली, म्हणाली, आणि तिने सुई उचलली. मी डोळे गच्च मिटले. काहीच झालं नाही म्हणून उघडले, तर आत्या पांढरीफटक. तिच्या बोटाखालची नस उडत होती.

आपण रक्ताच्या सगळ्याच नळ्यांना नस म्हणतो, तिथेच घोटाळा होतो. उडते ती धमनी (हृदयातून जोराने निघालेलं रक्त नेणारी नळी). तिला सुई लागली तर रक्त पटकन थांबत नाही. उडत नाही, दाबली की मऊ लागते, ती शीर (रक्त सावकाश हृदयाकडे परत आणणारी नळी). रबरी हाताला हृदयच नाही, मग त्यात उडणार काय? आत्या फसली ती इथे.

पट्टा मिनिटभराहून जास्त ठेवत नाहीत, म्हणून तिने तो सोडला. शीर का लपली, ते ठकूबाईने समजावलं. घाबरलं की शरीर पळायच्या तयारीला लागतं. कातडीजवळच्या शिरा आकसतात आणि रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं. पण घाबरू नको म्हटल्याने कोणी घाबरायचं थांबतं का? आत्या तसं म्हणालीच नाही. तिने कोपरावर कोमट ओलं फडकं ठेवलं, कारण उबेने शिरा सैल होतात, आणि मला सावकाश श्वास सोडायला लावला.

"दुखेल?" मी विचारलं.

"दुखेल. थोडंच. हात मात्र हलवू नकोस."

खरं बोलली, म्हणून मला धीर आला. शीर हळूच वर आली. पुन्हा पट्टा, मग स्पिरिटचा बोळा. तो ओलावा सुकल्यावर तिने सुई तिरपी घातली. मुंगळा चावल्यासारखं झालं आणि नळीत गडद रक्त भरू लागलं. तिने आधी पट्टा सोडला, मग सुई काढली. उलट केलं तर रक्त दाबाने बाहेर येतं. सुई थेट जाड डब्यात गेली. टोपण परत लावायला जाणाऱ्यालाच ती टोचते म्हणे. नळीवर माझं नाव तिने माझ्यासमोरच लिहिलं.

ठकूबाईने रक्त तपासलं. रोग ठरला, त्याचं औषध आमच्या कपाटातच होतं.

आत्याने हातमोजे काढले. मी तिचा हात धरला, तर तो गारठलेला, आणि त्यावर एकही शीर दिसेना.

"आत्या, तूसुद्धा?"

"तुझ्यापेक्षा जास्त," ती म्हणाली.

माझे हात तापाने गरमच होते. मी तिचा हात त्यात धरून बसले. थोड्या वेळाने एकेक निळी रेघ वर आली. पुढच्या आठवड्यात पुन्हा रक्त काढायचं आहे. ते आत्याच काढणार, असं मी डॉक्टरांना सांगून टाकलं.