चकचकीत हाफ क्राउन

"बाई, असाल तशा निघा आणि हेडमास्तरांकडे या. आत्ताच्या आत्ता!"

रविवारी सकाळी साडेनऊला शेठचा फोन आला तेव्हा भिंगवाली डोक्यावरून न्हाऊन नुकतीच बाहेर आली होती.

"काय झालं?"

"ते तुम्हीच येऊन सांगा. सर्टिफिकेट तुमचं आहे." फोन धाडकन बंद झाला.

ओल्या केसांना तसाच चिमटा लावून ती निघाली. घाईघाईत भिंग घेतलं, पण खिशात मावणारा वजनकाटा टेबलावरच राहिला. या विसराळूपणाबद्दल पुढचे तीन दिवस ती स्वतःला शिव्या घालणार होती.

भिंगवाली हे नाव तिला नाणेसंग्राहक मंडळाने ठेवलं होतं. बावीस वर्षं धातूंच्या प्रयोगशाळेत काढून ती निवृत्त झाली आणि जुन्या ब्रिटिश नाण्यांची प्रत ठरवू लागली. नाणं किती झिजलंय, कुणी घासलंय का, खरं आहे का, हे ती सांगायची आणि विकणारा नि घेणारा दोघंही ते मान्य करायचे. या धंद्यात परीक्षकाची एकदा पत गेली की सगळंच गेलं.

हेडमास्तरांच्या बाहेरच्या खोलीत अर्धं सामान खोक्यांत भरलेलं होतं. मुलाला परदेशात नोकरी लागली होती. तो पुढे गेला होता. महिन्याभरात सून आणि हेडमास्तरही जाणार होते. म्हणून हेडमास्तरांनी मंडळाच्या भर सभेत जाहीर केलं होतं की अडतीस वर्षांचा संग्रह विकून टाकतो, एकही नाणं मागे ठेवणार नाही. सगळं विकून झालं होतं. उरलं होतं फक्त शेवटचं आणि सगळ्यांत मोलाचं नाणं, एकोणीसशे पाच सालचा चांदीचा हाफ क्राउन. त्या साली हे नाणं फार थोडं पाडलं गेलं, त्यामुळे खरं सापडणं कठीण आणि खोट्यांचा सुळसुळाट. गुरुवारी भिंगवालीने याच खोलीत ते तपासून, ते विकत घेणाऱ्या शेठसाठी सर्टिफिकेट लिहिलं होतं. अस्सल, मूळ पृष्ठभाग, कधीही न घासलेलं.

शेठने नाणं तिच्यापुढे सरकवलं. ते नव्या चमच्यासारखं लखलखत होतं.

तिने भिंग डोळ्याला लावलं. गुरुवारी त्या नाण्यावर निळसर करडी झाक होती. चांदीवर ती वर्षानुवर्षांनी चढते आणि संग्राहक तिच्यासाठी जीव टाकतात. ती घासून काढली की नाणं पाव किमतीचंही राहत नाही.

"हे घासलंय," ती म्हणाली.

"वा! हे कळायला भिंग लागलं?" शेठ भडकला. "इथे येऊन मी पाकीट उघडलं, तर आत हे! मी व्यवहार मोडला. पण तुमच्या सहीचं काय?"

'पाकीट' म्हणजे पुठ्ठ्याची चौकोनी घडी. मध्ये पारदर्शक खिडकी, आत नाणं, चारही बाजूंना स्टेपलरच्या पिना. शेठने ओढून फाडलेलं ते पाकीट टेबलावर पडलं होतं. त्यावर अक्षर भिंगवालीचंच होतं; गुरुवारी तिनेच ते बंद केलं होतं.

"मास्तर, हे झालं कसं?"

हेडमास्तर शांतपणे बोलले. "शुक्रवारी सूनबाईंनी घरातली चांदी घासायला काढली होती. चमचे, पेले, फोटोच्या चौकटी. मी नाणं शेवटचं डोळे भरून बघायला पाकिटातून काढलं आणि टेबलावर विसरलो. त्या ढिगात गेलं असणार."

"मग पाकिटात परत कुणी घातलं?"

"तिनेच. चूक लक्षात आली असेल, घाबरली असेल. मी तिला काही बोललो नाही."

सून आतल्या दारात उभी होती. डोळे रडून सुजलेले. "ताई, मला खरंच आठवत नाहीये. पण ढीग केवढा मोठा होता. बाबा म्हणतायत म्हणजे… लागलं असेल हाताला."

"किंवा," शेठ भिंगवालीकडे रोखून बघत म्हणाला, "गुरुवारीच ते घासलेलं होतं, आणि बाईंनी मास्तरांच्या भिडेखातर डोळेझाक केली. या बिचारीच्या माथी उगाच मारताय."

भिंगवालीचे कान तापले. "द्या ते नाणं. मी घरी नेऊन वजन करते."

हेडमास्तरांनी नाणं उचलून लोखंडी कपाटात ठेवलं आणि किल्ली खिशात टाकली. "पुरे झाले त्याला हात. आणि वजन कशाला? अडतीस वर्षं मी नुसत्या डोळ्यांनी नाणी पारखली, बाई. काट्यावर भाजी मोजतात."

तिने रागाने फाटकं पाकीट तेवढं पर्समध्ये कोंबलं आणि बाहेर पडली.

*

छापखान्याच्या वरच्या मजल्यावर मंडळाची खोली होती. सोमवारी सेक्रेटरी तिथे पत्रच टाईप करत बसला होता. भिंगवालीने उलट्या बाजूने वाचलं. तिचं नाव परीक्षकांच्या यादीतून काढण्याचं पत्र होतं.

"एवढी घाई?"

"मॅडम, माझ्या हातात काही नाही. शेठने सगळ्यांना फोन केलेत. बुधवारी संध्याकाळी सभा आहे. तोपर्यंत काही पुरावा आणलात तर बघू. गुरुवारी त्या नाण्याचा फोटो काढला होतात ना?"

"कॅमेरा दुरुस्तीला टाकलाय."

सेक्रेटरीने कपाळाला हात लावला. तिला त्याच्या कपाळावर पेपरवेट ठेवून द्यावासा वाटला.

"त्या चार दिवसांत तुम्ही मास्तरांकडे गेला होतात?"

"शनिवारी गेलो होतो. म्हटलं, विकलं जायच्या आधी एकदा बघून घ्यावं. पण दाखवलंच नाही. म्हणाले, बंद करून ठेवलंय. मला नवलच वाटलं. एरवी मास्तर रस्त्यावरच्या माणसाला हाक मारून नाणी दाखवतील."

"तेव्हा शेठ तिथे होता?"

"छे, तो गावाला होता. रविवारी सकाळच्या गाडीने उतरला तो थेट तिकडेच गेला." मग त्याने आवाज मऊ केला. "मनाला लावून घेऊ नका. एकदा प्रत्येक जण फसतो. मास्तरही पहिल्याच वर्षी फसले होते. ते खोटं नाणं त्यांनी फेकलं नाही, शाळेत मुलांना दाखवायला ठेवलं. खरं आणि खोटं शेजारी शेजारी ठेवून विचारायचे, ओळखा पाहू."

"मी फसलेले नाही!" ती जवळजवळ ओरडली. खाली छापखान्याचं यंत्र धडधडत होतं, त्यामुळे तो ओरडाही वाया गेला.

घरी येऊन तिने तिची वही काढली. सर्टिफिकेटवर प्रत लिहायची आणि वहीत वजन, ही प्रयोगशाळेतली खोड. गुरुवार, हाफ क्राउन, चौदा पूर्णांक शून्य दोन ग्रॅम. नोंद अगदी स्वच्छ होती. पण नाणंच हाती नाही, तर नोंद घेऊन काय करायचं? तिने दोनदा हेडमास्तरांना फोन केला. दोन्ही वेळा बरं वाटत नाही म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मग ती फाटक्या पाकिटाकडे वळली. चार पिना पुठ्ठ्याला लटकत होत्या. चारही पिनांची टोकं पकडीने चेपून सपाट केलेली. तिने भिंग लावून भोकं मोजली. चार पिनांची आठ भोकं असायला हवीत. भरली सोळा.

*

मंगळवारी सून किराणा दुकानाबाहेर भेटली. भिंगवालीने तिला बाजूच्या बाकावर बसवलं.

"नवऱ्याशी बोलणं झालं?"

"फोनच उचलत नाहीत. परवा एकदा उचलला, तर म्हणाले, बाबांची आयुष्यभराची कमाई घासून टाकलीस." तिने किराण्याची पिशवी मांडीवर ओढली. "ताई, जन्मभर त्या माणसांबरोबर एका घरात राहायचंय मला. बाबा काही बोलत नाहीत, त्यानेच जास्त लागतं. आता मला स्वप्नातसुद्धा मीच घासताना दिसते."

"घासल्याचं आठवतंय? की नुसतं स्वप्नातच दिसतं?"

"आता सांगताच येत नाही."

भिंगवालीने पर्समधून कोरं पाकीट, साधं एक नाणं आणि स्टेपलर काढला. "हे बंद करून दाखव."

सुनेने नाणं आत ठेवलं, घडी घातली, खटाखट चार पिना मारल्या आणि पाकीट परत दिलं. पिनांची टोकं मागे वर आलेली होती. भिंगवालीच्या बोटाला ती टोचलीच.

"झालं?"

"झालं की. आणखी काय करायचं असतं?"

"काही नाही," भिंगवाली म्हणाली, आणि रविवारपासून पहिल्यांदाच तिला धड श्वास घेता आला.

*

बुधवारी दुपारी ती हेडमास्तरांच्या दारात उभी राहिली. सोबत सेक्रेटरी आणि कुरकुरत आलेला शेठ. सेक्रेटरी मंडळाच्या वतीने आला म्हटल्यावर हेडमास्तरांना नाही म्हणता येईना. तिने सुनेलाही बसवून घेतलं.

"मास्तर, नाणं आणा. फक्त वजन करते."

हेडमास्तर हसले. "करा हौस. घासल्यावर चांदी थोडी गेलीच असणार. वजन कमी भरेल, एवढंच."

"म्हणजे घासल्यावर वजन कमी होतं, हे तुम्हाला मान्य आहे?"

"शाळेतल्या पोरालाही मान्य होईल."

तिने काटा टेबलावर ठेवला, नाणं कडेने धरून त्यावर ठेवलं आणि वही उघडून सेक्रेटरीपुढे सरकवली. "गुरुवारचा आकडा मोठ्याने वाचा. मग काट्यावरचा."

"चौदा शून्य दोन," सेक्रेटरीने वाचलं. मग तो काट्यावर वाकला. "चौदा शून्य नऊ." त्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "वाढलंय?"

"घासून वजन वाढलेलं नाणं मी तरी पाहिलेलं नाही. हे गुरुवारचं नाणंच नव्हे. हे खोटं आहे, आणि खोटेपणा झाकायला मुद्दाम घासलंय. घासलेल्या नाण्याच्या अंगाकडे कुणी नीट बघत नाही, सगळे नुसते हळहळतात. आपणही तेच केलं."

शेठने नाणं हिसकावून खिडकीशी नेलं. मिनिटभराने तो हळूच म्हणाला, "ओतीव आहे, ठशाने पाडलेलं नाही. अक्षरांच्या कडा बोथट आहेत. च्यायला."

"मग बदललं कुणी?" सेक्रेटरीने विचारलं.

भिंगवालीने फाटकं पाकीट टेबलावर ठेवलं. "यात पिनांची सोळा भोकं आहेत. माझ्या पिना काढून कुणीतरी नव्या मारल्या आणि मग पकडीने चेपल्या. चेपल्या नाहीत तर डब्यातल्या शेजारच्या नाण्याला ओरखडे पडतात. आपण नाणीवाले ते झोपेतही करतो. पण ज्या बाईने घाबरून, चोरून नाणं परत ठेवलं, ती पिना चेपत बसेल? काल मी हिच्याकडून पाकीट बंद करून घेतलं. चेपायचं असतं हेच हिला माहीत नाही. बदलणारा आपल्यातलाच आहे."

"माझ्याकडे काय बघताय?" शेठ म्हणाला.

"तुम्ही रविवार सकाळपर्यंत गावात नव्हता. सेक्रेटरींना शनिवारी नाणं बघायलाही मिळालं नाही. मी स्वतः बदललं असतं, तर हाच वजनाचा आकडा घेऊन इथे आले नसते. राहिलं कोण? ज्याच्याकडे पहिल्या वर्षीचं खोटं नाणं अजून आहे तो. मुलांपुढे खऱ्याशेजारी ठेवायचं, म्हणजे तेही याच सालचं असणार. आणि या सगळ्यात नाणं विकायचं राहिलं, याखेरीज कुणाला काही मिळालेलं नाही." ती हेडमास्तरांकडे वळली. "मास्तर, तुमच्या एकट्याचंच फावलं."

हेडमास्तरांनी खिशातून चष्म्याचं घर काढलं. ते उघडलं आणि अस्तराखालून नाणं काढलं. निळसर, करडं, गुरुवारी होतं तसं.

"भर सभेत शब्द दिला होता," ते पुटपुटले. "मागे घ्यायचा कसा? बाकीची गेली, त्याचं काही वाटलं नाही. हे एक देववेना. वाटलं, घासलं म्हटलं की शेठ आपणहून सोडेल, चार दिवस हळहळतील सगळे आणि विसरून जातील. बाईंच्या सहीवर येईल, हे डोक्यातच आलं नाही."

"आणि हिच्यावर?" भिंगवालीने विचारलं. तिला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला तो नुसता संताप. "हिच्यावर येईल हे तर डोक्यात होतं ना? त्यावरच तर सगळं बेतलं होतंत."

"घरातलीच आहे. घरातल्या माणसाला कोण किती दिवस बोलणार, असं वाटलं."

सेक्रेटरीने खिशातलं यादीचं पत्र काढून फाडलं. शेठ म्हणाला, "मास्तर, मला नको ते. ठेवा तुम्ही," आणि कुणाकडे न बघता चपला घालू लागला.

सून जागची हलली नव्हती. "बाबा," ती म्हणाली, "मला हे एक ठेवायचंय, एवढं म्हणाला असतात तर मीच शेठना फोन करून सांगितलं असतं. रविवारपासून मी जेवले नाही. तुम्ही समोर बसून चहा प्यायलात. माझ्याच हातचा."

हेडमास्तर उठले. ते नाणं त्यांनी तिच्यापुढे धरलं. "तू ठेव. आजपासून तुझ्याकडेच राहू दे. घे."

तिने दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले.

"नको, बाबा. मी हात लावणार नाही त्याला."