अठराची हजेरी

हातमोज्यांच्या कारखान्याने सहल काढली म्हणजे मालकाला बायकांचा पुळका आला असं कुणी समजू नये. वर्षभर पुन्हा सुट्टीचं नाव काढायचं नाही, हा त्याचा अर्थ. म्हणून सगळ्यात स्वस्त गाडी, सगळ्यात जवळचा समुद्र, आणि माणशी दोन पाव, एक उकडलेलं अंडं. रविवारी सकाळी सातला चाळीस बायका गाडीत कोंबल्या गेल्या. प्रत्येकीच्या छातीवर नंबराचा बिल्ला.

थोरली सतरा नंबर. बारा वर्षं तिने एकच काम केलं होतं: ढिगातून डावा हातमोजा उचलायचा, उजवा उचलायचा, जोडी लावायची. डोळे बांधले तरी बोटांनी डावं-उजवं सांगायची. शेजारी खिडकीशी तिची धाकटी बहीण, अठरा नंबर, शिलाई मशीनवरची. गेल्या वर्षी मशीनची सुई तिच्या उजव्या तर्जनीच्या नखातून आरपार गेली, तेव्हापासून ते नख दुभंगूनच वाढायचं. पण धाकटी सुटणार होती. नर्सच्या प्रशिक्षणाला तिची निवड झाली होती, एक तारखेला जायचं होतं. घरातलं एक माणूस तरी कारखान्याच्या फाटकातून कायमचं बाहेर पडणार, एवढ्या एका गोष्टीवर थोरली जगत होती. निघताना आईने, डोळ्यांना धड दिसत नसताना, दोघींचे हात चाचपडत एकमेकींत दिले होते. "हिला नीट परत आण गं."

बायका ज्याला 'शिट्टी' म्हणत, त्या मुकादमाने हजेरी घेतली. गळ्यात शिट्टी, मांडीवर वही. बायकांच्या तोंडाकडे बघायची त्याला कधी गरजच पडली नव्हती. नंबर पुकारायचा, "हजर" ऐकायचं, खूण करायची. धाकटी कारखान्यात रोज उशिरा पोचायची, म्हणून रोज सकाळी थोरली आधी स्वतःच्या जाड आवाजात आणि मग गळा आवळून धाकटीच्या बारीक आवाजात "हजर" म्हणायची. दीड वर्षात एकदाही पकडली गेली नव्हती.

"आज माझं मीच म्हणते गं ताई," धाकटी हसली आणि ओरडली, "हजर!"

"नर्सबाई जाग्या झाल्या!" मागून लेबलवाली म्हणाली. "आता आम्हाला सुया टोचायला मोकळी."

"तुला तर दाभण लागेल मावशी!"

गाडीभर हशा पिकला. मुकादमाने शिट्टी फुंकली.

तीन तासांनी गाव आलं. छोटं, झाडून काढल्यासारखं स्वच्छ आणि गप्प. लाटा फुटताना दिसत होत्या, पण आवाज कापसातून आल्यासारखा. रस्त्याकडेला एक चहाचं दुकान, त्याच्या भिंतीला लांबच लांब बाकडं, आणि बाकड्यावर माणसं ओळीने बसलेली. भर उन्हात कुणी लोकरी टोपीत, कुणी रेनकोटात. सगळ्यांच्या छातीवर सहलीचे बिल्ले. सहा. एकतीस. बारा. उन्हाने आकडे पार फिकटलेले.

थोरलीने त्यातल्या एका बाईला विचारलं, "मुतारी कुठे आहे हो इथे?"

बाईने तोंड उघडलं. आतली कोरडी जीभ हलली. मग तिने तोंड मिटलं.

"ती नाही बोलायची," चहावाली कप पुसत म्हणाली. "मागच्या बाजूला आहे. किती आलात तुम्ही?"

"चाळीस."

"मग चाळीसच जाल. इथून कुठलीच गाडी कमी माणसांनी जात नाही." धीर द्यावा तशी ती म्हणाली.

दुपारपर्यंत थोरलीचे पाय सुजून खांबासारखे झाले. ती गाडीत जाऊन बसली. धाकटीने डोक्याला लाल रुमाल बांधला आणि समुद्रात गेलेल्या दगडी धक्क्याच्या टोकापर्यंत जाऊन येते म्हणाली.

"पाचला गाडी सुटते. शिट्टी कुणासाठी थांबायचा नाही. राहिली ती राहिली, सोमवारपासून कामावरही यायचं नाही, असं सांगितलंय त्याने."

"येते गं. आणि तू आहेस ना!"

पाच वाजले. सगळ्या गाडीत बसल्या. खिडकीजवळची जागा रिकामी. थोरलीने बाहेर मान काढली. लाल रुमाल धक्क्याच्या मध्यावर होता, पळत येत होता. दोन मिनिटं, फार तर तीन.

"सोळा."

"हजर."

"सतरा."

"हजर."

"अठरा."

'थांबा' म्हणता आलं असतं. बारा वर्षांत त्या कारखान्याने तिला तेवढा एक शब्द शिकवला नव्हता. थोरलीने गळा आवळला.

"हजर," ती बारीक आवाजात म्हणाली.

बाहेर लाटांचा आवाज बंद झाला.

गाडीच्या पायरीवर पाऊल वाजलं. लाल रुमाल आत आला, थोरलीच्या गुडघ्यांना ओलांडून खिडकीशी बसला. छातीवर अठराचा बिल्ला. धाप नाही. घाम नाही.

"आलीस बाई! जीव टांगणीला लावलास."

ती समोर बघत राहिली. गाडी हलली. थोरलीने सवयीने तिचा हात हातात घेतला, अंगठा बोटांवरून फिरवला. दुभंगलेलं नख लागलं.

डाव्या हाताला.

तिने दुसरा हात ओढला. उजव्या तर्जनीचं नख गुळगुळीत होतं.

थोरलीने मागच्या काचेतून पाहिलं. धाकटी रस्त्यावर गाडीमागे पळत होती. तोंड आ वासलेलं, गळ्याच्या शिरा तट्ट फुगलेल्या. आवाज नव्हता. चहावालीने तिला हळूच खांद्याला धरलं. बाकड्यावरची माणसं जरा जरा सरकली. जागा झाली.

"गाडी थांबवा! माझी बहीण राहिली!"

मुकादमाने बोटाने डोकी मोजली. "चाळीस. अठरा हजर आहे."

"ती हजेरी मी दिली, साहेब. खोटी दिली!"

मुकादमाने आयुष्यात पहिल्यांदा मान वर करून पाहिलं. तोंडाकडे नाही, बिल्ल्याकडे. "मग ही कोण, तुझी आजी?"

"ऊन लागलंय तिला," लेबलवाली पुटपुटली. "अगं, शेजारी बसलीय की तुझी बहीण."

चालकाने वेग कमी केला नाही.

घरी आईने दोघींचे हात चाचपले. "आणलीस गं बाई," म्हणून ती समाधानाने हसली. ती दुसरी एक शब्द न बोलता आईचे पाय चेपत बसली. डाव्या हाताने.

सोमवारी पावणेपाचची पहिली गाडी पकडायला थोरलीने चपला घातल्या. कामाचा खाडा झाला तर झाला. दारातून तिने मागे पाहिलं. ती दुसरी उठून बसली होती, आणि आल्यापासून पहिल्यांदाच बोलली. थोरलीच्या जाड आवाजात.

"तू जा ताई. मी आहे ना."

थोरली पळतच सुटली.

आठाला पाच मिनिटं कमी असताना ती त्या गावात उतरली. धाकटी बाकड्यावर होती, मांडीवर हात ठेवून, उजव्या तर्जनीचं नख दुभंगलेलं. तिने ताईला पाहिलं आणि जिवाच्या आकांताने मान हलवली: नको, नको. थोरलीने तिचे दोन्ही हात धरून ओढले. बाकड्यात रोवलेली असावी तशी ती हलेना.

"किती आलात?" चहावालीने विचारलं.

दुकानातल्या घड्याळात आठ वाजले. कारखान्यात हजेरीची वेळ. थोरलीला मुकादमाचा पुकारा पाठ होता: पंधरा, सोळा, सतरा. आणि जाड आवाजातलं 'हजर'.

तिने 'एकटी' म्हणायला तोंड उघडलं.

जीभ हलली. मग तिने तोंड मिटलं.

धाकटीच्या शेजारची माणसं जरा जरा सरकली.