सोमवारचा मामा

बालवाडीच्या दारात एक माणूस भाचीचं बोट धरून उभा होता, आणि दोघांपैकी जास्त घाबरलेला तोच होता.

"ताईची कारखान्यात सकाळपाळी आहे," तो म्हणाला. "तिच्या मदतीच्या वाराला मी आलो तर... चालेल ना, बाई?"

आमचा नियमच होता तसा. बालवाडी वसाहतीच्या हॉलमध्ये भरायची, आणि प्रत्येक घराने महिन्यातली एक सकाळ द्यायची. झाडू मारा, गोष्ट सांगा, काहीही करा, पण या. मी त्याला बसायला सांगितलं. तो मुलांच्या खुर्चीत बसला, आणि उठला तेव्हा खुर्चीही त्याच्याबरोबर उठली. बावीस मुलं खो खो हसली. मी हसू दाबलं, पण त्याने ते पाहिलंच.

तो न्हावी होता. सोमवारी दुकान बंद, म्हणून सोमवारी आलेला.

"ही मुलं मघापासून डब्यांना झाकणंच लावतायत," तो थोड्या वेळाने हळूच म्हणाला. "तुम्ही शिकवता कधी?"

"आत्ता तेच चाललंय. लहान-मोठं, कमी-जास्त, आपलं-दुसऱ्याचं. अक्षरं येतील मागाहून. पाया याच वयात भरतो."

"आणि आमची भिंगरी? ती तर घराबाहेर तोंडच उघडत नाही."

"उघडेल. घाई तिला नाही, तुम्हाला आहे."

"मला कसलीच घाई नाही," तो म्हणाला आणि माझ्याकडे पाहत राहिला... जरा जास्तच वेळ.

पुढच्या सोमवारी वार दुसऱ्या घराचा, तरी हा हजर!

"आज तुमचा वार नाही."

"माहितीये. म्हटलं, खुर्च्या डुगडुगत असतील तर बघावं."

"एकही डुगडुगत नाही."

"मग एखादी डुगडुगायला लावतो."

काय बोलणार अशा माणसाला! मुलं त्याला मामा म्हणू लागली. भिंगरी आधी त्याच्या कानात बोलली, मग माझ्या, आणि तीन महिन्यांत अशी सुटली की तिला गप्प करायला विनवण्या कराव्या लागल्या. मला तो आवडला होता. खोटं कशाला सांगू? सोमवारी सकाळी मी आरशासमोर दोन मिनिटं जास्त घालवायचे.

मग वसाहतीच्या अध्यक्षांनी हॉल गोदामाला द्यायचं काढलं. बालवाडी बंदच पडली असती. मी हबकले, पण तो कामाला लागला. गिऱ्हाइकाच्या तोंडाला साबण लावायचा, बालवाडीचं महत्त्व सांगायचा आणि कागद पुढे करायचा. एकशे चाळीस सह्या जमल्या.

"साबण असताना नाही म्हणता येत नाही," तो डोळे मिचकावून म्हणाला.

सभेत अध्यक्षांनी त्या सह्या उचलून बाजूला ठेवल्या. "ना तुम्हाला बायको, ना पोर," ते त्याला म्हणाले. "हा खटाटोप मुलांसाठी, की बाईंसाठी?"

सभेत हशा पिकला. तो कानापर्यंत लाल झाला... आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. मी नुसती लाजले असते तरी त्या सह्यांचा विनोद झाला असता.

"यांचा-माझा काही संबंध नाही," मी उठून म्हणाले. "बहिणीच्या वाराला येतात, एवढंच."

हशा थांबला. मागच्या रांगेतले एक आजोबा उभे राहिले. "माझी नातवंडं परगावी असतात. तरी मी येतोच की शनिवारी गोष्ट सांगायला! हॉल पोरांनाच राहू द्या." भराभर हात वर झाले. हॉल वाचला. मी वळून पाहिलं, तर तो निघून गेला होता.

सोमवारी त्याची बहीण आली, पाळी बदलून घेऊन. "तो म्हणाला, आपल्यामुळे बाईंना त्रास नको."

त्याच संध्याकाळी त्याच्याकडे जायला हवं होतं मला. पण मी ठरवलं — हॉल बालवाडीचाच, असा अध्यक्षांचा सहीशिक्क्याचा कागद हातात पडू दे. आत्ता कुजबुज झाली तर ते पुन्हा गोदामाचा विषय काढतील. कागद यायला दोन महिने लागले. ज्या दिवशी आला, त्या दिवशी मी त्याच्या दुकानात शिरले. खुर्चीत साबण लावलेले एक काका, बाकावर तिघे. त्याने मला आरशातच पाहिलं.

"सभेत मी खोटं बोलले," मी सगळ्यांसमोर म्हणाले. "माझं तुमच्यावर प्रेम आहे."

वस्तरा हवेतच थांबला. काकांनी श्वास रोखून धरला.

"आठ सोमवार अर्धं शटर उघडून बसलो होतो," तो आरशाकडे बघतच म्हणाला. "वाटलं, याल. मग ताई म्हणाली, किती वाट बघशील... परवाच लग्न ठरलं माझं. चांगली मुलगी आहे. तिला शब्द दिलाय."

"हॉल गेला असता हो," मी कसंबसं म्हणाले.

"गेलाच असता. तुझ्या जागी मीही तेच बोललो असतो." त्याने वस्तरा खाली ठेवला आणि पहिल्यांदाच वळून माझ्याकडे पाहिलं. "पण नंतर... नंतर तरी लगेच यायचंस ना गं."

मी मान हलवली आणि पायऱ्या उतरले.