तासरिपआजाची पाळी

पोनियेम पाण्याला निघाली तेव्हा पावणेबारा वाजले होते. ऑगस्टमधला शेवटचा गुरुवार मावळून जुम्मा-क्लिवोन, आमच्याकडची भुताखेतांची रात्र, लागली होती. स्वातंत्र्यदिनाच्या कागदी पताका उन्हानं विटून रस्त्यावर अजून लोंबत होत्या. तिच्या खांद्यावर खोरं, हातात बॅटरी, डोक्याला सारोंग गुंडाळलेलं. माझ्या ओसरीपाशी थांबली.

"म्हातारे, जागी आहेस?"

"झोप काय, मेल्यावर आहेच की," मी म्हटलं. "तुझी पाळी एकला. आत्ताच कुठं निघालीस?"

"तासरिपआजाची पाळी रिकामीच जाते. पाणी सरळ ओढ्याला मिळतं. त्यातलं थोडं मी वळवलं तर कुणाचं काय जातंय?"

कुणाचं काही जात नाही, असं घेणाराच नेहमी म्हणतो. पण मी तिला अडवलं नाही. तिचे डोळे बघितले होते. पहाटे तेंप्याच्या सोयाबीनवड्या तळायच्या, दिवसभर दुसऱ्याच्या रानात निंदायचं, संध्याकाळी पुन्हा कढईपाशी. नवरा कालिमंतानला पामच्या मळ्यात, वर्षातून एकदा ईदला यायचा नि आठ दिवस झोपून परत जायचा. पोनियेम रात्री तीन तास पाठ टेकायची. अशा बाईला उपदेश करणाऱ्याच्या तोंडात माती पडो.

तुम्ही आज पाळीची यादी मोबाईलवर बघता नि विचारता, आजी, बदलीला ते शब्द कशाला म्हणायचे? वेळ संपली की आधीचा जाईल, दुसरा येईल. शाळा शिकलेल्यांची अक्कल ती. मी शाळेचं दार पाहिलं नाही, वाचायला शिकले ती खताच्या पिशव्यांवरून. पण एवढं मला कळतं, की दमलेल्या माणसाला कुणीतरी तोंडानं सांगावं लागतं, आता तू सुटलास. आमच्या कालिपेतुंगात पाटावर बदलीला जो येईल त्यानं म्हणायचं, "पाणी माझं. तू जा, नीज." आधीच्यानं मागं न बघता घरी जायचं. हे कानावर पडेपर्यंत पाटाचं दार सोडायचं नाही. घर जळो, पूर येवो. येणारा आजारी पडला तर दुसऱ्याला धाडायचं, पण शब्द म्हणवायचे.

तासरिपआजाला ते कुणी म्हटलेच नाहीत.

दोन वर्षांपूर्वी, अशाच कोरड्या दिवसांत, तो पाटाच्या दारापाशी वारला. सत्तरी उलटलेला गडी, दहा ते एक त्याची पाळी. पहाटे सापडला तेव्हा बांधावर बसल्या जागी कलंडलेला होता, मूठ खोऱ्यावर तशीच. त्याच्यानंतर पाळी होती पोनियेमची. तिनं सगळ्यांना सांगितलं, "मी एकला गेले तेव्हाच आजा गेलेला होता. घाबरून पळाले, पहाटे माणसं बोलावली." लोकांनी मान डोलावली. न्हाऊ घातलं, नमाज झाला, दुपारच्या आत पुरलं. सात दिवसांचं, चाळीस दिवसांचं, वर्षाचं, सगळं जेवण घातलं. लेक लास्मी सुराबायाला कारखान्यात असते. तिनं घराला कुलूप लावलं, किल्ली माझ्याकडं दिली. रान पडीक पडलं.

आणि तेव्हापासून पोनियेमच्या पाळीला पाणी पुरेना. पहिल्या खाचरात शिरायचं, दुसऱ्यात रेंगाळायचं, तिसऱ्याच्या तोंडाशी बारीक होत होत थांबायचं. तिनं खेकड्यांची बिळं बुजवली. उंदरांची बुजवली. मग तिनं भर बाजारात सरवानला धरलं. तिच्यानंतर चारला पाळी त्याची. आळशी नंबर एक, पण जीभ बघावी तर दोन हात.

"पाणी चोरतोस मेल्या!"

"वहिनी, चोरी करायला लवकर उठावं लागतं. मला ते जमतं का, सांगा बरं!"

सगळा बाजार हसला. पोनियेमसुद्धा हसली. पण त्या ऑगस्टात भात पोटरीला आलं होतं नि जमिनीला हात हात भेगा. आता पाणी मिळालं नाही तर पुढची पाळी दहा दिवसांनी. तोवर लोंब्या बाहेर पडल्या असत्या त्या पोकळ. वर्षभराचा भात, त्याचा नुसता भुसा. म्हणून ती मेलेल्याची पाळी घ्यायला निघाली होती.

आता पुढचं मी तिच्या तोंडून ऐकलेलं सांगते. तिखटमीठ माझं नाही.

पाटाच्या दारापाशी कुणीतरी उकिडवं बसलं होतं. पाठमोरं. डोक्यावरून सारोंग घेतलेलं. पोनियेमचं डोकंच फिरलं.

"सापडलास! दोन वर्षं मी बिळं बुजवतेय, नि तू इथं? लाज आहे का रे सरवान? बायकोला सांगू का उद्या, की तुझा नवरा रात्री कुठं बसतो?"

तो हलला नाही.

"ऊठ! मेलेल्या माणसाची पाळी तरी सोड!"

स्वतः ती पाळी घ्यायला आली होती ते विसरून गेली बिचारी. राग आला की आपण सगळ्याच सती होतो.

तेवढ्यात मागून, दोनशे पावलांवरच्या रात्रपहाऱ्याच्या चौकीतून, हाक आली. तिथं गडी डॉमिनो खेळत बसले होते.

"ओ पोनियेमवहिनी! कुणाशी भांडताय तिकडं?"

तो सरवानचा आवाज होता.

पोनियेमनं बॅटरी खाली केली. पुन्हा वर करायचं धाडस होईना. बेडूक ओरडत होते, ते थांबले होते. कधी थांबले, कळलं नाही.

बसलेल्यानं विचारलं, "एक वाजला का?"

"...नाही."

"मग तुझी पाळी नाही अजून."

तो आवाज तिच्या ओळखीचा होता. लहानपणी त्याच आवाजानं तिला पेरूच्या झाडावरून खाली उतरवलं होतं.

तुम्ही म्हणाल, पळाली का नाही? अरे, पळायला पाय लागतात. भ्यायलासुद्धा अंगात थोडा जीव लागतो. तिच्या गुडघ्यांत त्या दिवशीचं निंदण होतं. ती होती तिथंच बांधावर बसली. दोघांत चार हातांचं अंतर. मध्ये पाट.

पाणी वाहत होतं... पण आवाज नव्हता.

बारा वाजले. सव्वाबारा.

"एक वाजला का?"

"नाही, आजा."

त्यानं जांभई दिली. मोठी, लांबलचक. पोनियेम म्हणाली, की मला त्या जांभईचीच जास्त भीती वाटली. जांभई लागते ना एकाची दुसऱ्याला? तिला लागली. तोंड उघडलं नि आत गार वारं गेलं... पाटातल्या तळाच्या चिखलाचा वास.

साडेबारा.

तिला आता कळलं होतं तो कशासाठी बसलाय. आणि तिलाच का विचारतोय. शब्द तिच्याकडून यायचे होते. दोन वर्षं तिच्याकडूनच यायचे राहिले होते. ते शब्द म्हटले की हा सुटेल, पाणी सुटेल. पण मग दार तिच्याकडं. आणि तिला कोण सोडवणार? सरवान? तो चारला आला नाही तर? कधीच आला नाही तर? मग तीच इथं... सारोंग डोक्यावरून घेऊन... येणाऱ्याजाणाऱ्याला वेळ विचारत.

म्हणायचं नाही, असं तिनं ठरवलं. मग मागं वळून आपल्या भाताकडं बघितलं. चांदणं नव्हतं. नुसता वास येत होता, तापलेल्या मातीचा. तहानलेलं रान रात्री वास मारतं. तुम्हाला माहीत आहे तो.

"आजा."

तिनं आपलं खोरं बांधावर ठेवलं.

"त्या रात्री मी आलेच नव्हते. मी खोटं बोलले. मी... झोपले होते."

पावणेएक.

"ठाऊक आहे," तो म्हणाला.

"रागावला नाहीस?"

त्यानं पुन्हा जांभई दिली.

"आजा?"

"मलाही झोप येत होती गं."

बाई रडली. मला सांगताना रडली नाही, पण तिथं रडली. आवाज न करता, चौकीवर ऐकू जाऊ नये म्हणून. आपल्या बायका रडतानासुद्धा दुसऱ्यांची सोय बघतात.

मोबाईलवर एक वाजला. तिनं तो त्याच्या दिशेनं धरला, म्हातारा स्वतः बघेल अशा हिशोबानं. उजेड पाटापर्यंत गेला. पुढं गेला नाही.

ती उठली. पाट ओलांडला. तो बसला होता तिथं हात नेला. खोऱ्याचा दांडा हाताला लागला, ओला नि गार.

"पाणी माझं," ती म्हणाली. "तू जा... नीज."

गुडघे मोडल्याचा आवाज आला, कट् कट्, दोनदा. आम्ही म्हातारे उठतो तसा. मग चिखलातून पावलं... चप्... चप्... गावाच्या दिशेनं. मागं न बघता.

आणि पाण्याला आवाज आला. एकदम. तिनं आपलं दार मोडलं, पाणी रानाकडं वळवलं. पहिलं खाचर भरलं, दुसरं, तिसरं. दोन वर्षांनी पहिल्यांदा पाणी चौथ्याच्या बांधाला जाऊन धडकलं. भेगा पीत होत्या, बुडबुडे येत होते. ती ऐकत बसली. चार वाजले.

सरवान आला नाही.

सव्वाचार. तिनं उठायला बघितलं. उठता येईना. दांड्यावरची मूठ उघडायला बघितली. उघडेना.

मशिदीत पहाटेची बांग झाली. चौकीवरचे गडी घरी गेले. कुणी तिच्याकडं बघितलं नाही. तिनं हाक मारली, पण आवाज... म्हणाली, घशात पाणी भरल्यासारखा.

पाच वाजायला आले. पूर्वेला थोडं पांढरं झालं नि सरवान डोळे चोळत आला. खांद्यावर टॉवेल.

"अरे वा! वहिनी अजून इथंच? घरी जायचं नाही वाटतं. की नवरा सुटी काढून इथं बांधावर येणार आहे?"

तिनं त्याच्याकडं बघितलं. तो म्हणतो, मी दोन पावलं मागं सरलो.

"म्हण," ती म्हणाली.

"काय?"

"म्हण!"

"अहो, आता उजाडलं, कशाला ते जुनं—"

"म्हण रे भाड्या!!"

पोनियेमच्या तोंडून शिवी त्यानं जन्मात ऐकली नव्हती. पटकन म्हणाला. चुकला, अडखळला, तरी पुरं म्हणाला. तिची मूठ सुटली. खोरं खाली पडलं. ते तिचं नव्हतं. तिचं स्वतःचं बांधावर, ठेवलं होतं तिथंच पडलेलं होतं. ती वळली, मागं न बघता चालू लागली. त्या हंगामात तिचं भात गावात सगळ्यात भरून आलं, हे इथंच सांगून टाकते.

आता मी स्वतः बघितलं ते.

ती घरी गेली नाही. माझ्याकडं आली नि म्हणाली, "म्हातारे, आजाच्या घराची किल्ली दे." तिच्या मागं सरवान, दार दुसऱ्याच्या हाती शब्दांनिशी सोपवून आलेला, तोंडाला कुलूप लावून. हे मी पहिल्यांदा बघत होते. बांधापासून वाटेवर चिखलाच्या पावलांची रांग होती. अनवाणी, बोटं फाकलेली, ओली. अडीच महिने गावात थेंब पडला नव्हता. रांग तासरिपआजाच्या उंबऱ्यापर्यंत गेली होती. कुलूप गंजलेलं. किल्ली फिरेना, सरवाननं खोबरेल ओतलं तेव्हा उघडलं.

आत दोन वर्षांची धूळ, जमिनीवर जाड थर. त्या धुळीत एक पाऊल नाही. उंदराचंसुद्धा नाही.

कोपऱ्यात आजाची बांबूची बाज होती. तिच्यावरच्या चटईवर तेवढ्या एका जागी धूळ नव्हती. एका माणसापुरती. कुशीवर निजलेल्या, गुडघे पोटाशी घेतलेल्या माणसापुरती. तेवढी चटई चिंब होती. बांबूतून पाणी ठिबकत होतं.

मी कुणाच्या बापाला भीत नाही. मी पुढं झाले. जिथं छाती असायला हवी तिथं हात ठेवला.

चटई गार असेल असं वाटलं होतं...

गरम होती. आणि हाताखाली, सावकाश, वर... खाली... वर... होत होती.